बाबांच्या फॉरवर्डला लांबलचक उत्तर

आई-बाबा,

सलाम.

बाबा, तुम्ही पाठवलेला तो फॉरवर्ड वाचला. ‘अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी बायबल बदललं’, खाली तीन रडके चेहरे, आणि त्याखाली तुमचा एका ओळीचा प्रश्न: तुझं चर्च ह्यातलंच का? फोनवर उत्तर द्यायला गेले असते तर आई मध्येच ‘जाऊ दे, जेवलीस का’ म्हणाली असती आणि विषय तिथंच बुडाला असता. म्हणून लिहायला बसले. हो, ह्यातलंच. समलिंगी माणसांवरची चर्चमधली बंदी उठली, तोच हा बदल; आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, त्यासाठी कित्येक वर्षं झटत होती आणि तिच्याबरोबर मीही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही आपणहून विषय काढला नाही.

आधी बायबलचं सांगते. बायबलला कोणीही हात लावलेला नाही. बदललं ते ‘बुक ऑफ डिसिप्लिन’, म्हणजे चर्चच्या नियमांचं पुस्तक. बाबा, चर्चच्या पंच कमिटीत तुमचं निम्मं आयुष्य गेलं, तेव्हा हा नियम कसा जन्माला आला ते तुम्हाला आवडेल. आमचं युनायटेड मेथडिस्ट चर्च, प्रोटेस्टंटांमधलं एक, १९६८ साली डॅलसला दोन चर्च-संघटना एकत्र येऊन झालं. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, अटलांटाच्या जनरल कॉन्फरन्सपुढे, म्हणजे चर्चचे नियम ठरवणाऱ्या सर्वोच्च सभेपुढे, सामाजिक तत्त्वांचा मसुदा आला. समलिंगी माणसंही देवाच्या लेखी मोलाची आहेत, अशा अर्थाचं त्यात होतं. चर्चा तापली आणि सभागृहातून एक दुरुस्ती आली: पण हे आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. झालं, मंजूर. आपल्याकडे सभेच्या नोटिशीत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असतं ना, त्यातलाच प्रकार. त्या एका वाक्यानं पुढची बावन्न वर्षं माणसांना छळलं.

वाक्यामागून नियम आले. १९८४ मध्ये ठरलं की उघडपणे समलिंगी म्हणून जगणाऱ्याला पाळकीय दीक्षा नाही, म्हणजे पाळक (धर्मगुरू) होता येणार नाही. १९९६ मध्ये आलं की असे विवाह आमच्या पाळकांनी लावायचे नाहीत आणि आमच्या चर्चमध्ये ते होणार नाहीत. मग खटले. खरोखरचे खटले, बाबा. आरोपपत्र, साक्षी, आणि ज्युरी म्हणून बसलेले पाळकच. इथे शिकागोत ब्रॉडवे चर्चचे ग्रेगरी डेल यांनी १९९८ मध्ये आपल्याच मंडळीतल्या दोन पुरुषांच्या जोडीला आशीर्वाद दिला. मार्च १९९९ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, दोषी ठरले, निलंबन झालं. अपिलात ते एका वर्षावर आलं. फिलाडेल्फियाच्या बेथ स्ट्राउड यांनी आपल्या मंडळीला व्यासपीठावरून सांगितलं की मी एका स्त्रीबरोबर संसार करते. २००४ मध्ये त्यांची दीक्षा काढून घेतली. फ्रँक शेफर नावाच्या पाळकांनी स्वतःच्या मुलाचं लग्न लावलं, म्हणून २०१३ मध्ये त्यांची दीक्षा गेली, दुसऱ्या वर्षी अपिलात परत मिळाली. बापानं मुलाचं लग्न लावलं म्हणून! हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. माझ्या लग्नात पाळकसाहेबांच्या शेजारी उभे राहून तुम्ही प्रार्थना केली होतीत आणि मध्येच तुमचा आवाज फुटला होता.

१९८४ मध्येच दुसरीही एक गोष्ट सुरू झाली. देशभरातल्या काही मंडळ्यांनी ठराव करून जाहीर करायला सुरुवात केली, की आमच्या दारात कोणाला अडवलं जाणार नाही, आणि चर्चचा नियम बदलेपर्यंत आम्ही बोलत राहू. आमच्या मंडळीनं हा ठराव मी इथं येण्याच्या आधीच केला होता. तो एका रविवारी हात वर करून झाला नाही. शास्त्राभ्यास झाले, घरोघरी बैठका झाल्या, वाद झाले, दोन-तीन घरं सोडून गेली. त्यातल्या एका आजी नंतर परत आल्या, कारण दुसऱ्या चर्चमधली गाणी त्यांना फार मोठ्यानं वाटायची. असंही असतं.

आई, तुला नियमापेक्षा माणूस कळतो, म्हणून तुझ्यासाठी. व्हिडिओ कॉलवर तू जिला पाहिलंस आणि ‘ती उंच बाई कोण गं’ म्हणून विचारलंस, ती. बुधवारचं धान्यवाटप तीच सांभाळते. बर्फात गाडी कशी चालवायची ते मला तिनंच शिकवलं. तुझ्या ऑपरेशनच्या रात्री मी फोन हातात धरून बसले होते तेव्हा ती भाताचं भांडं घेऊन आली. मीठसुद्धा नव्हतं त्यात, पण आली. तरुणपणी तिला पाळक व्हायचं होतं. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, दोन वर्षं शिकली. मग तिला सांगण्यात आलं की गप्प राहा किंवा सोडून दे. खोटं बोलायचं नाही म्हणून तिनं सोडलं आणि आयुष्यभर लोकांचे आयकराचे हिशेब केले. आणि हे चर्च मात्र सोडलं नाही. दर रविवारी त्याच नियमांच्या चर्चमध्ये येऊन बसायची. मी एकदा विचारलं, कशासाठी? तर म्हणाली, माझा बाप्तिस्मा इथे झालाय, ते कुठे जातील ते त्यांनी बघावं.

मी ह्या कामात पडले ते तिच्यामुळे. काम म्हणजे मोर्चे-घोषणा असं तुमच्या डोळ्यांपुढे येईल. असतं थोडं तसंही. पण बरंचसं काम बाबांच्या ओळखीचं आहे: ठराव लिहायचे, ते वार्षिक कॉन्फरन्सला, म्हणजे आमच्या विभागाच्या सभेला, मुदतीत पाठवायचे, प्रतिनिधी कोण निवडून जातो त्याकडे लक्ष ठेवायचं, हरायचं, चार वर्षं थांबायचं, पुन्हा लिहायचं. कंटाळवाणं असतं. मी बहुतेक वेळा कागदच जोडत बसले.

सगळ्यात कडू वर्ष २०१९. फेब्रुवारीत सेंट लुइसला खास जनरल कॉन्फरन्स भरली. ज्यानं त्यानं आपापल्या विवेकानं ठरवावं, अशी एक योजना पुढे होती. ती पडली. बंदी आणखी कडक करणारी योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी पास झाली. पुढच्या रविवारी आमच्याकडे उपासनेला सुरुवातच होईना, लोक नुसते उभे होते. एप्रिलमध्ये ओमाहाच्या फर्स्ट चर्चमधली बातमी आली. दृढीकरणाच्या, म्हणजे सभासद होण्याआधीच्या तयारीच्या, वर्गातल्या आठही मुलांनी भर उपासनेत पत्र वाचून सांगितलं, की आम्ही तूर्त सभासद होणार नाही, कारण हा निर्णय आम्हाला अन्यायाचा वाटतो. मंडळीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. आई, तू संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवलंस. तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी असं केलं असतं तर तू काय केलं असतंस, हा प्रश्न मला खरंच पडतो.

तेव्हा आमच्यातले काही जण म्हणाले, मंडळीनं वरच्या कार्यालयाला पाठवायचा पैशाचा वाटा बंद करा, पैसे थांबले की बिशपांना कळेल. मी विरोधात होते. त्याच वाट्यातून इस्पितळं आणि मिशनची कामं चालतात. मतदानाचा राग त्यांच्यावर का काढायचा? ह्यावरून माझं दोघा-तिघांशी वाजलं. अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. बाबा, खजिनदाराची मुलगी आहे मी.

मग करोना आला, सभा पुढे पुढे गेली. मधल्या काळात ज्यांना राहायचं नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडं होतं: दोन तृतीयांश मतं, ठरावीक वाटा आणि पाळकांच्या पेन्शनचा हिशेब चुकता केला की इमारत घेऊन बाहेर. २०२३ अखेर अमेरिकेतली साधारण ७,६०० चर्चं, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा, बाहेर पडली. त्यातली बरीच २०२२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेली. ती सगळी दुष्ट माणसं नव्हेत. आमच्या जवळचं एक चर्च गेलं. त्यांच्याबरोबर आम्ही पूरग्रस्तांसाठी मदतीच्या सामानाच्या बादल्या भरायचो. आता भरत नाही.

शेवटी २०२४ च्या वसंतात शार्लटला सभा भरली. १ मे रोजी दीक्षेवरची बंदी उठली, ६९२ विरुद्ध ५१, आणि तीही चर्चेविना, संमत विषयांच्या यादीत. दुसऱ्या दिवशी १९७२ चं ते वाक्य गेलं, ५२३ विरुद्ध १६१. इतक्या वर्षांचं भांडण आणि निकाल असा सरकारी पावतीसारखा. स्ट्राउड यांना त्याच महिन्यात दीक्षा परत मिळाली, जवळजवळ वीस वर्षांनी. आमची उंच बाई म्हणाली, मला आता ह्या वयात पाळक वगैरे व्हायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी धान्याच्या गोणी मोजायला हजर.

पण हा विजय मी तुम्हाला फुगवून सांगणार नाही. ‘नाही’ म्हणणारे बरेचसे आधीच निघून गेले होते. आफ्रिकेतले कितीतरी प्रतिनिधी व्हिसा वेळेवर न मिळाल्यानं येऊच शकले नाहीत. व्हिसाच्या रांगेत तुम्ही काय सोसलंत ते मी पाहिलंय, त्यामुळे ते ऐकून मला बरं वाटलं नाही. ते आले असते तरी इतक्या मोठ्या फरकाचा निकाल उलटला नसता, हे खरं. तरी बोलायला ते तिथे हवे होते. आयव्हरी कोस्टच्या मेथडिस्टांनी महिन्याभरात वेगळं व्हायचं ठरवलं.

आता तुमच्या काळजीचं. आपलं मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वतंत्र आहे. शार्लटचा ठराव पुण्यात लागू होत नाही, आणि आपल्या पाळकसाहेबांना कोणी काही करायला लावणार नाही. इथेही नाही, असा विवाह लावायचा की नाही हे पाळकावर आहे, लावला म्हणून शिक्षा नाही आणि नाकारला म्हणूनही नाही. हे फॉरवर्ड करणाऱ्यांना सांगा.

तुम्ही ह्याविरुद्धची वचनं दाखवायला लेवीय आणि रोमकरांस पत्र काढणार, मला माहीत आहे. मीही वाचलंय, आणि तुम्हीच वाचायला शिकवलंय. पण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्यायही, बायकांनी शिकवू नये म्हणणारा, तुम्हाला पाठ आहे. तरी आईचं महिला मंडळात वचन असलं की तुम्ही पहिल्या बाकावर येऊन बसता. अमेरिकेत मेथडिस्ट स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क १९५६ साली मिळाले. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, बायबल बदललं. आणि तुमच्या लाडक्या वेस्लीचं, आपल्या मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाचं, सांगू? १७३२ मध्ये ऑक्सफर्डच्या बोकार्डो तुरुंगात समलिंगी संबंधांच्याच आरोपावरून ब्लेअर नावाचा माणूस होता. गावानं त्याला वाळीत टाकलेलं. वेस्ली आणि त्यांचे मित्र त्याला भेटायला जात, त्याच्या खटल्यासाठी धावपळ करत. लोकांनी त्यांनाच नावं ठेवली. वेस्ली आजच्या ठरावाच्या बाजूनं असते असं मी म्हणत नाही. गेले होते एवढंच म्हणते.

मी तुमची संमती मागत नाहीये, आई-बाबा. तुमच्या मनात हे बसेल की नाही, कधी बसेल, मला ठाऊक नाही. पण मी काय करते हे तुम्हाला फॉरवर्डमधून कळू नये.

जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा पहिल्याच रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. त्या दिवशी दारात इंद्रधनुषी पट्ट्या असतील आणि तुम्हाला आत न्यायला बहुधा तीच उंच बाई असेल. तिनं ‘सलाम’ म्हणायचा सराव चालवलाय, उच्चार भयंकर आहे. यावंसं वाटलं नाही तर बाहेर पडलेलं ते दुसरं चर्च दहा मिनिटांवर आहे, मी तुम्हाला तिथे सोडीन आणि उपासना झाली की न्यायला येईन. फक्त आधी सांगा, कारण दोन्हीकडच्या उपासना साडेदहालाच सुरू होतात.

आईच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आणा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

तुमची,
बेबी