पोत्सुओलीहून दिल्यास

प्रिय दिल्या,

परवा तुला तीन खांबांचा फोटो पाठवला तर लगेच तुझं उत्तर, "कुठलं रे देऊळ?" तुलाच काय, सगळ्यांनाच तसं वाटतं. १७५० मध्ये इथं खोदकाम झालं, तेव्हा सेरापिस नावाच्या देवाची मूर्ती निघाली आणि जागेला सेरापिसचं देऊळ हे नाव चिकटलं ते कायमचंच. रस्त्याचं नावही तेच. प्रत्यक्षात हा रोमन लोकांचा मटण-मासळीचा बाजार, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटाकडचा. फोनवर सांगायला लागलो तर तू मध्येच म्हणशील, "ते राहू दे, जेवलास का?" म्हणून पत्र.

पुतणी इटलीत नेपल्सला शिकते, तिच्याकडे उतरलोय. पोत्सुओली तिथून लोकलनं थोडंच लांब. बाजार गावाच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीपेक्षा बराच खाली. आजूबाजूला चार-पाच मजली इमारती, वाळत घातलेली धुणी, स्कूटर. कठड्याला रेलून वरूनच सगळं दिसतं. मधे चौक, भोवती गाळ्यांच्या रांगा; काही गाळ्यांची तोंडं चौकाकडे, काहींची बाहेर रस्त्याकडे. चौकाच्या मध्यावर गोल चौथरा, त्यावर एके काळी सोळा खांबांचा मंडप होता. मागच्या दोन कोपऱ्यांत चक्क सार्वजनिक शौचालयं, संगमरवरी बैठकींची. आपल्या आठवडी बाजाराला अजून जे जमलं नाही, ते या मंडळींनी करून ठेवलं होतं. हसू नकोस, मला देवळापेक्षा हेच जास्त आवडलं. देवळात माणूस ठेवणीतले कपडे घालून जातो, बाजारात आहे तसा.

आता ते खांब. मूळ चार, उभे राहिले तीन, बारा मीटरहून उंच. फोनचा कॅमेरा पुरता ताणून बघितलं. खालचा साधारण बारा फुटांचा भाग गुळगुळीत. त्याच्यावर जवळजवळ नऊ फुटांचा पट्टा असा की अंगभर देवी आल्यासारखा, भोकंच भोकं. त्याच्या वर पुन्हा साधा दगड, ऊनपावसानं झिजलेला. ती भोकं समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली आहेत. दगड पोखरून आत राहणारी त्यांची एक जात असते. म्हणजे हे खांब कधी तरी तिथवर समुद्रात बुडाले होते! खालचा भाग गाळात गाडला गेला म्हणून वाचला. जिथं मासळी विकली गेली, तिथले खांब समुद्रातल्या जिवांनीच खाल्ले.

खांब पडले नाहीत, म्हणजे जमीन हळूहळू खाली गेली आणि तशीच पुन्हा वर आली. चार्ल्स लायल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं १८२८ मध्ये इथं येऊन हेच ताडलं, आणि १८३० च्या आपल्या पुस्तकात अगदी सुरुवातीला या खांबांचं चित्र छापलं. डोंगर-दऱ्या एका फटक्यात झाल्या नाहीत, आज चालू आहे तीच उलाढाल सावकाश होत आली, असं त्याचं म्हणणं, आणि पुरावा काय, तर बाजाराचे तीन खांब.

उलाढाल अजून थांबलेली नाही. हे अख्खं गाव एका मोठ्या ज्वालामुखीच्या खोलगटात वसलंय. १५३८ मध्ये शेजारीच काही दिवसांत एक नवा डोंगर उभा राहिला. १९७० मध्ये इथली जुनी वस्ती रिकामी केली. १९८२ ते ८४ या दोन वर्षांत जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो लोकांची घरं सुटली. २००५ पासून पुन्हा वर येतेय. बंदराच्या आतल्या धक्क्याशी छोट्या होड्या चिखलात टेकलेल्या बघितल्या, तळच वर आलाय.

आम्ही कॉफी प्यायला थांबलो तिथं गल्ल्यावरच्या बाईंचा फोन वाजला. भूकंपाच्या धक्क्याची सूचना होती. त्यांनी एक नजर टाकली, "दोन पॉइंट काहीतरी" म्हणाल्या आणि पुन्हा कप पुसायला लागल्या. मला तर काही जाणवलंही नव्हतं. दाराशी त्यांची पिशवी होती. पुतणीनं विचारलं तर म्हणाल्या, कागदपत्रं आणि नवऱ्याच्या गोळ्या. मला तुझी आई आठवली. किल्लारीनंतर कित्येक महिने त्या अंगणातच झोपायच्या, उशाशी तसलीच पिशवी. ९३ सालच्या त्या पहाटेबद्दल तू फारसं बोलत नाहीस, म्हणून मीही इथंच थांबतो.

तुला खरं तर दुसऱ्याच कारणासाठी लिहायला बसलो होतो. हे त्या काळी रोमचं मोठं बंदर. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची जहाजं इथंच लागायची. सेनेका या रोमन तत्त्वज्ञानं मित्राला लिहिलेल्या एका पत्रात आहे, की ती दिसली की सगळा गाव धक्क्यावर लोटायचा. वरचं छोटं शीड तसंच उभारून आत यायची मुभा फक्त त्यांनाच, त्यामुळे गर्दीतही ओळखू यायची. आणि अलेक्झांड्रियाला आपल्याकडचा माल जायचा. त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठणचे गोमेद आणि तुझ्या तेरचं सुती कापड गाड्यांवरून भडोच बंदराला येतं असं लिहिलंय. या गाळ्यांत तेरचं कापड विकलं गेलं असं मी म्हणत नाही. हा बाजार खाण्याच्या जिनसांचा. पण त्या धक्क्यावर उतरलं असेल, असं मानायला माझी काही हरकत नाही.

नेपल्सच्या संग्रहालयात मात्र पुरावाच आहे. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन गावात १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती बाई, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन दासी. पायाशी खरोष्ठी या आपल्याकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर. भोकरदनला अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली, म्हणून ही आपल्याच भागातली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्या डोक्यात वरून खाली गेलेलं एक भोक आहे, कशाची तरी मूठ किंवा पाया असावी.

तर काम असं. तेरच्या लामतुरे संग्रहालयातही एक हस्तिदंती बाई आहे, आपण शाळेच्या सहलीत बघितलेली. रविवारी जा आणि तिच्याही डोक्यात भोक आहे का ते बघ. फोटो काढू देत नसतील तर चित्र काढून आण, तुझा हात चांगला आहे. वहिनींना नमस्कार. इथल्या सुक्या अंजिरांची पुडी आणतोय, पण उत्तर आल्याशिवाय मिळणार नाही.

तुझा,
नंदू