'मी येतो' म्हणणारी मुलगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचं निवेदन आलंय. त्यातला सहावा नियम असा: 'संहिता प्रमाण मराठीत असावी. बोलीचा वापर विनोदी पात्रांपुरता मर्यादित ठेवावा.' तो वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक मुलगी घोळतेय, म्हणून हे पत्र.

मी लेखक नव्हे. बेळगावच्या शहापुरात माझं ड्रेपरीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. नाटकं, शाळांची गॅदरिंगं, शिवजयंतीचे चित्ररथ, या सगळ्यांचे कपडे आमच्याकडून भाड्यानं जातात. २०१५ साली ९५ वं नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, फैयाज अध्यक्ष होत्या, तेव्हा माझी इस्त्री रात्री दोनपर्यंत गरम असायची. नाटक मी बहुतेक विंगेतून बघितलंय. विंगेतून नट पाठमोरे दिसतात आणि चेन तुटलेली आधी दिसते. तरी चाळीस वर्षं कपडे देता-घेता कोण काय नाटक करतंय हे माझ्या वहीत आपोआप लिहिलं गेलंय.

वही काय सांगते? जिजाऊ, अफजलखान, यम, दोन हवालदार, एक वकिलाचा कोट. परत जिजाऊ. कॉलेजची पोरं आली की त्यात टी-शर्ट आणि जीन्सची भर, पण ते त्यांचे त्यांच्याकडेच असतात, माझा धंदा होत नाही. या पोरांना पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचं भारी वेड. १९६३ पासूनची स्पर्धा, वेड असणारच. तिथल्या एकांकिका मोबाइलवर बघतात आणि लिहायला बसली की यांच्याही नाटकात पुण्याचा फ्लॅट येतो, कॉफी येते, 'अगं ऐक ना' येतं. लिहिणारा पोरगा बेळगावजवळच्या कडोलीचा असतो. त्याच्या घरात रताळ्याची पोती लागलेली असतात.

दोन वर्षांमागे एका कॉलेजनं माझ्याकडे मोठं बुकिंग केलं. जुनं गाजलेलं नाटक, सहा नऊवारी, चार पगड्या, दोन हजार अनामत. महिनाभर तालमी झाल्या आणि प्रयोगाला बारा दिवस असताना कळलं की परवानगीचं पत्रच नाही. पोरांची समजूत अशी की कॉलेजच्या नाटकाला काही लागत नाही. ती अर्धी खरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळा-कॉलेजांना सवलत आहे: करणारे तिथले विद्यार्थी नि शिक्षक, आणि बघणारेही तेच किंवा त्यांचे पालक, एवढ्यापुरती. स्पर्धेत चारचौघं बाहेरचे येऊन बसले की लेखकाची परवानगी पाहिजे. लेखक वारला असला तरी त्याच्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. वारस कुठं राहतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नाटक रद्द.

चौघंजण अनामत परत मागायला आले. मी दिली. (आमच्या धंद्यात अनामत परत देणं फार जिवावर येतं, पण दिली.) ते निघाले तशी मागची एक बारीकशी मुलगी थांबली. वडगावची. म्हणाली, "काका, तुमच्याकडं जुनं, विटकं पातळ मिळतंय काय? मागावर बसणाऱ्या बाईचं?"

माझ्या दुकानात सात कपाटं आहेत. तिच्यासमोर एकेक उघडत गेलो. पैठण्या होत्या, शालू होते, भरजरी अंगरखे होते, यमाच्या तीन मिशा होत्या. दुकानापासून चालत वीस मिनिटांवर वडगाव-खासबागचे माग खडखडताहेत, तिथली एक बाई उभी करायला लागेल असं चिंधीभर कापड माझ्याकडे नव्हतं. मग बायकोला फोन लावला आणि घरातली दोन पातळं मागवून घेतली.

नाटक त्या मुलीनंच लिहिलं होतं, कॉलेजच्या रफ वहीत. माल परत घेताना डाग पडलेत का हे बघायला मी तालमीला जातो, असं सांगून गेलो. खरं म्हणजे उत्सुकता होती.

नाटक असं. पावरलूमचं घर. आई मागावर, मुलगी सुताच्या कांड्या भरतेय. माग चालू असतो तोवर शब्द ऐकू येत नाही, म्हणून घरातली सगळी हातवारे करतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. करंट गेला की धोटा थांबतो, आणि मग तेवढा वेळच घरात बोलणं होतं. लग्नाचं, कर्जाचं, बापाच्या दारूचं, जे काय असेल ते त्या अंधारात. भिंतीपलीकडची कन्नड शेजारीण दर वेळी ओरडते, "करेंट होतु!" म्हणजे गेला. तीच नटांची क्यू, बोलायला लागायची खूण. एरवी नवीन लेखक दोन प्रवेशांमध्ये ब्लॅकआऊट टाकतात, कारण मालिकेत सीन कापलेला बघितलेला असतो. हिनं अंधारातच नाटक ठेवलं. मागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून लावला तर पत्र्यावर पावसासारखा वाटायला लागला. मग दोन पोरं विंगेत लाकडी फळ्या घेऊन बसली, एक तालात आणि एक किंचित मागं. पाच मिनिटांत माझं डोकं दुखायला लागलं. म्हणजे बरोबर जमलं होतं.

उणिवा होत्याच. पहिल्या पानावर सात पात्रं येऊन आपली ओळख करून देत होती. मुलीचं पातळ तिसऱ्या नि चौथ्या प्रवेशात बदलायचं होतं आणि मध्ये वेळ होता अर्ध्या मिनिटाचा. मी तिला घड्याळ लावून दाखवलं की सराईत हातालाही साडी सोडून दुसरी नेसवायला चार मिनिटं लागतात. तिनं वहीत बघितलं, जरा विचार केला आणि मधे बापाचं एक स्वगत घातलं. साडीसाठी घातलेलं ते स्वगतच पुढं लोकांना सगळ्यात आवडलं. नाटक लिहिणं असंच शिकलं जातं, अशी माझी समजूत झालीय. खोलीत बसून वहीत लिहायचं आणि मग जागेवर उभं राहून साडीशी, दाराशी, दिव्याशी भांडून परत लिहायचं.

आता त्या 'येतो'कडे येतो.

शेवटच्या प्रवेशात मुलीला बेंगळूरला नोकरी लागलीय. पिशवी घेऊन ती दारात उभी. अंधारात आईशी बोलत असताना नेमका करंट येतो, माग सुरू होतो. मुलगी म्हणते, "मी येतो, आई." प्रेक्षकांना काहीच ऐकू येत नाही. आईला फक्त ओठ दिसतात. ती मान हलवते आणि हात मागावर ठेवते. पडदा.

बेळगावात आणि खाली कोल्हापुरापर्यंत मुली 'मी येतो', 'मी गेलो' म्हणतात, हे आपल्याला सांगायला नको. माझ्या दोन्ही मुली तशाच बोलतात आणि निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे त्यांच्या आज्जीनं शिकवलंय. स्पर्धेसाठी संहितेची प्रत आधी द्यावी लागली. ती परत आली तेव्हा तांबड्या पेनानं भरलेली. मुलीच्या तोंडचे सगळे 'करतो', 'बघतो', 'जेवलो' गोल करून बाजूला 'स्त्रीलिंग!' लिहिलं होतं. आपण 'पण'ला 'खरं' म्हणतो, त्या 'खरं'च्या जागी 'पण' घातलं होतं. शेजारणीच्या ओळीपुढं 'कन्नड कशाला?' आणि शेवटचं, कुणालाच ऐकू न येणारं 'येतो', त्यालाही गोल. सगळे गोल मिळून सतरा होते. मी मोजले.

पोरं घाबरून बदलायला लागली. मुलीचं काम करणारी स्वतः कडोलीची. शेवटच्या प्रवेशात दारात उभी राहून ती "मी येत–" म्हणायची आणि अडायची. तीनदा झालं. चौथ्यांदा 'येते' म्हणाली आणि आईचं काम करणारी मागावरून उठून उभी राहिली. "काका, मला कळलंच नाही ती काय म्हणाली. ओठ वेगळे दिसतात." मी दोघींना म्हटलं, परत म्हणा. 'येतो' म्हणताना ओठांचा चंबू होतो. 'येते'ला ओठ ताणले जातात, नुसतं हसल्यासारखं दिसतं. आई ओठ वाचून जगलेली बाई. तिच्या लेकीनं आयुष्यात कधी तिला 'येते' म्हटलेलं नाही.

त्यांनी शेवटचा 'येतो' तेवढा ठेवला, बाकीचे सोळा बदलले. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी स्टेजवरून सांगितलं की विषय चांगला आहे, भाषेवर मेहनत घ्या. त्या मुलीनं पुन्हा काही लिहिलंय का, मला माहीत नाही. माझ्याकडे तरी ती नंतर आली नाही.

आता हा सहावा नियम. 'बोली विनोदी पात्रांपुरती' हे कुठून आलं असेल, याचा मला अंदाज आहे. पु. ल. देशपांडे आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी रावसाहेब लिहिले आणि आपलं बोलणं साऱ्या महाराष्ट्रात पोचलं. तेव्हापासून स्टेजवर बेळगावी बोललं की पहिल्या वाक्याला हशा. रावसाहेबांचं ते लिखाण संपताना घशात आवंढा येतो, हे मात्र सगळे विसरले.

आणि जरा शेजारी बघा की. चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातले, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. त्यांनी 'जोकुमारस्वामी'सारखी नाटकं इकडच्या खेड्यातल्या कन्नडमध्ये लिहिली, जोकुमार या लोकदेवाच्या सणावरून. त्यांची कन्नड म्हैसूरकडची करून आणा, असं म्हणत कुणी अडवून धरलं नाही. २०१० सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. घोडगेरीची कन्नड ज्ञानपीठापर्यंत जाते आणि वडगावची मराठी स्पर्धेच्या टेबलापुढं जात नाही.

शेजारणीच्या कन्नड ओळीबद्दल थोडं, कारण ते आपल्याकडे नाजूक आहे. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मीही मोर्चात चाललोय, माझं मत लपलेलं नाही. तिथं निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर भिंतीपलीकडची मावशी गप्प बसणार आहे थोडीच! आणि इतिहास काढायचाच तर मराठी नाटक जन्मलं तेच कानडी खेळ बघून. कानडी भागवत मंडळी सांगलीला आली, पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' झालं. त्याच वर्षी आपल्या सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांचं १८८० चं 'शाकुंतल' कालिदासाचं, हे खरं. पण त्यांचे शिष्य, बेळगावात शिकलेले देवल, यांनी १८९९ ला 'शारदा' आणलं ते डोळ्यांपुढच्या जरठ-कुमारी लग्नांवर. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीवरून स्वतःच्या गोष्टीवर यायला या मातीलाही एकोणीस वर्षं लागली. पोरं आज पुण्याची नक्कल करतात म्हणून मी रागावत नाही. एखादी स्वतःचं लिहिते तेव्हा तांबडा पेन काढला जातो, राग त्याचा आहे.

संयोजकांना माझी विनंती एवढीच की सहावा नियम काढा. आणि जमलं तर स्पर्धेच्या महिनाभर आधी एक दिवस नुसतं वाचन ठेवा. पोरांनी आपापली नाटकं मोठ्यानं वाचायची, समोर दोन नट, एक लाइटवाला आणि एक ड्रेपरीवाला बसवायचा. व्याकरणवाल्यांनी त्या दिवशी घरी थांबावं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथं दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, मांडव असतो, माइक असतो, माणसं येतात. कविसंमेलन तासभर कमी करून तिथं एक एकांकिका वाचायला द्यायला काय हरकत आहे? कवी रागावतील. रागावू देत.

माझ्यापुरतं मी आठवं कपाट केलंय. त्यात सध्या चार विटकी पातळं, दोन परकर, एक उद्यमबागेतल्या फौंड्रीचा डाग पडलेला शर्ट, शेतातल्या दोन टॉवेल-टोप्या आणि एक शाळेचा गणवेश, बाही उसवलेला, एवढं आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या नाटकाला या कपाटातल्या कपड्यांचं भाडं मी घेत नाही. धुऊन परत द्यावेत. शर्टाचा डाग मात्र काढू नये. दुकान मंगळवारी बंद असतं.

आपला,
एक ड्रेपरीवाला
शहापूर, बेळगाव