रोवानिएमीच्या स्नोमोबिल सहलीतील निष्काळजीपणाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : फिनलंड सहलीतील ‘नॉर्दर्न लाइट्स स्नोमोबिल सफारी’ या जादा पैसे घेऊन केलेल्या कार्यक्रमात वडिलांना झालेली इजा, दडवलेली माहिती आणि परतावा

स. न. वि. वि.

फेब्रुवारीत मी, माझे यजमान, आमचा मुलगा आणि माझे वडील असे चौघे तुमच्या ग्रुपबरोबर फिनलंडला गेलो होतो. तिथे रोवानिएमीत एका संध्याकाळी स्नोमोबिलवरून, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीवरून, ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायला जायचा हा कार्यक्रम होता. बुकिंग क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे. परत आल्यावर पाठवलेल्या तक्रारीला तुमच्या कार्यालयाकडून उत्तर आलं की, ‘निसर्ग कोणाच्याच हातात नसतो, ध्रुवीय प्रकाश दिसण्याची हमी देता येत नाही, कृपया अटी पाहाव्यात.’ माझी तक्रार कोणी नीट वाचलीच नाही असं या उत्तरावरून वाटलं, म्हणून हे सविस्तर पत्र.

प्रकाश दिसला नाही म्हणून मी एक रुपयाही मागत नाही. ढग असले की तो दिसत नाही, हे निघण्याआधीपासून माहीत होतं. पण त्या संध्याकाळी निघायचं की नाही हे तुमच्या हातात होतं. कोणाला कुठे बसवायचं, तोंडावर काय बांधायचं, निघण्यापूर्वी काय शिकवायचं, हेही तुमच्याच हातात होतं. तक्रार त्याबद्दल आहे.

त्या दुपारी तुमच्या टूर मॅनेजरनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘केपी ५! आज शंभर टक्के दिसणार. पैसे भरायचे राहिलेत त्यांनी लगेच भरा.’ केपी हा आकडा ० ते ९ असा असतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते तो सांगतो. आकाश स्वच्छ आहे की नाही, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. रोवानिएमी आर्क्टिक वृत्ताला लागूनच आहे. तिथे निरभ्र रात्री केपी २ किंवा ३ असला तरी प्रकाश दिसू शकतो, आणि आभाळ भरलेलं असेल तर ५ असूनही उपयोग नाही, कारण हा प्रकाश साधारण १०० किलोमीटरच्या वर असतो आणि ढग खूपच खाली. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर त्या संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत पूर्ण ढगाळ असा अंदाज होता. तो मी ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, ‘मॅडम, पॉझिटिव्ह राहा.’ त्यानंतर ग्रुपमधल्या आणखी काही ज्येष्ठ मंडळींनी पैसे भरले. शंभर टक्के हा शब्द वाचून भरले.

दुसरी गोष्ट मला परतीच्या वेळी कळली, आणि तीच सर्वांत गंभीर आहे. स्थानिक गाइड मुलीने सांगितलं की, त्यांच्या ऑफिसने दुपारीच तुमच्या माणसाला फोन केला होता. आज ढग आहेत, उद्या संध्याकाळी यायचं असेल तर जादा पैसे न घेता वेळ बदलून देऊ, असं त्यांनी स्वतःहून सुचवलं होतं. आमची दुसरी संध्याकाळ मोकळीच होती, कार्यक्रमात ‘खरेदीसाठी वेळ’ असं लिहिलं होतं. तरीही नकार दिला गेला. मी टूर मॅनेजरना विचारलं तेव्हा ते म्हणाले, उद्याचं इंडियन डिनर आधीच बुक आहे. आमच्यापैकी एकालाही विचारलं नाही. माझ्या वडिलांनी एक वेळ दूध-ब्रेड खाऊन काढली असती. इतरांनीही काढली असती. निदान विचारायचं तरी.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. त्या दिवशीही जेवण लांबलं, बस उशिरा निघाली आणि स्नोमोबिलच्या तळावर पोहोचलो तेव्हा आमच्या वेळेतला बराच भाग संपला होता. मग सगळी घाई सुरू झाली. माहितीपत्रकात ‘सविस्तर प्रशिक्षण’ असं छापलं आहे. प्रत्यक्षात इंजिनं सुरू असताना, बाहेर उभं राहून, भरभर इंग्रजीत चार वाक्यं सांगितली गेली. थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा, ब्रेक डाव्या हाताला, लाल दोरी मनगटाला अडकवायची, संपलं. ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना ते ऐकूही गेलं नाही. मराठीत सांगायला तुमचा माणूस तिथे उभा होता, पण तो फोटो काढत होता. तोल गेला तर पाय बाहेर टाकायचा नाही, ही सर्वांत महत्त्वाची सूचना कोणी दिली नाही. दुचाकी चालवणाऱ्या माणसाचा पाय अशा वेळी आपोआप बाहेर जातो आणि तो जड गाडीखाली सापडू शकतो. गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स लागतं. माझ्या यजमानांच्या खिशात ते होतं, ते कोणी पाहिलंही नाही. त्याऐवजी दारातच एक कागद पुढे केला गेला आणि ‘सह्या करा, उशीर होतोय’ असं सांगण्यात आलं.

आता वडिलांबद्दल. त्यांचं वय ७३. त्यांना आणि माझ्या मुलाला गाइडच्या स्नोमोबिलमागे जोडलेल्या स्लेजमध्ये बसवलं. गाडी चालवणाऱ्यांना काच असलेली हेल्मेट होती, मागे बसलेल्या या दोघांना बिनकाचेची. पुण्यातल्या प्री-टूर मीटिंगमध्ये ‘सगळे गरम कपडे तिथे मिळतील, काही न्यायची गरज नाही’ असं स्पष्ट सांगितलं होतं. ओव्हरऑल, बूट आणि हातमोजे मिळाले, ते चांगले होते. हेल्मेटच्या आत घालायच्या माकडटोप्या मात्र संपल्या होत्या. मी माझी ओढणी वडिलांच्या तोंडाभोवती गुंडाळली, ती नाकाखाली घसरत राहिली.

तापमान उणे १८ होतं. फिनलंडमध्ये माणसं बसलेली स्लेज ओढताना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मोडली गेली असं मी म्हणत नाही. पण उणे १८ मध्ये ताशी ४० किलोमीटरचा वारा तोंडावर घेतला की उघड्या कातडीला तो उणे ३१ च्या आसपासचा गारठा असतो, आणि अशा गारठ्यात दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठू शकते. हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणूनच मध्ये मध्ये थांबून एकमेकांचे गाल आणि नाक बघायचं असतं. ओउनासयोकी नदीचं गोठलेलं पात्र ओलांडून आम्ही जंगलात शिरलो, तोवर एकदाही थांबलो नाही, कारण गेलेला वेळ भरून काढायचा होता.

स्लेजमधल्या माणसाने गाडी थांबवायची खूण कशी करायची, हेही शिकवलं नव्हतं. माझा मुलगा मागून हात हलवत होता, ओरडत होता. पुढे इंजिनचा आवाज, मागे आमच्या दिव्यांचा झोत, गाइडला कळणार कसं? गाडी थांबली तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, ‘आई, आजोबा बोलत नाहीयेत.’ मी हेल्मेट काढलं. वडिलांचा चष्मा धातूच्या काडीचा आहे. त्या काडीखाली, डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत, मेणासारखा पांढराफटक पट्टा उमटला होता. बोट लावलं तर त्यांना स्पर्श कळत नव्हता. तुमचे टूर मॅनेजर धावत आले आणि त्यांनी मूठभर बर्फ घेऊन तो गालावर चोळायला सुरुवात केली. हिमदंशावर बर्फ चोळणं हा घातक उपाय आहे, त्याने गोठलेली कातडी आणखी फाटते. गाइडने त्यांचा हात धरून बाजूला केला आणि स्वतःचा उघडा, उबदार तळवा गालावर नुसता टेकवून ठेवला. त्या मुलीचे आभार मला या पत्रातही मानायचे आहेत. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, कृपया तिच्यावर ढकलू नका.

वडील वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले आहेत. हातमोजे नसतील तर साहेब खांबावर चढू देत नसत, असं ते नेहमी सांगतात. त्यांना मी विचारलं, हाक का नाही मारलीत? म्हणाले, सगळे सहन करतायत, माझ्यामुळे का थांबवायचं. आपल्याकडची वडीलधारी माणसं अशीच असतात, तोंडाने सांगत नाहीत. म्हणून तर सोबत टूर मॅनेजर हवा असतो, त्याचेच पैसे आपण देतो.

सकाळी गालावर पाण्याने भरलेला फोड आला होता. तुमच्या माणसाला कुठे फोन करायचा हे माहीत नव्हतं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी ११६११७ हा वैद्यकीय सल्ल्याचा नंबर लावून दिला आणि रुग्णालयाचा पत्ता दिला. आम्ही टॅक्सी करून गेलो. डॉक्टरांनी वरवरचा हिमदंश असं निदान लिहून दिलं आहे. फोड आता बरा झाला आहे, पण तिथला डाग आणि बधिरपणा अजून आहे. थंडीत ती जागा पुढेही दुखू शकते असं पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं.

गाडीच्या नुकसानीचंही लिहायला हवं. एका वळणावर आमची स्नोमोबिल दाबून कडक केलेल्या वाटेवरून कडेच्या भुसभुशीत बर्फात उतरली, कलंडली आणि पुढची काच तडकली. सुदैवाने दोघांनाही लागलं नाही. त्यापोटी कार्डावरून ७०० युरो कापले गेले. विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान ग्राहकानेच भरायचं, हे त्या दारातल्या कागदावर होतं. मीटिंगमध्ये याचा उल्लेख नव्हता, माहितीपत्रकात ‘विमा समाविष्ट’ एवढंच आहे. दुरुस्तीचं बिल किंवा नुकसानीचे फोटो आजवर मिळालेले नाहीत.

शेकोटीजवळचं शाकाहारी खाणं मिळालं नाही, सगळ्यांना सॉसेजच दिलं. त्याबद्दल मी काही मागत नाही, नोंद असावी म्हणून लिहिते. आणि जिथे ‘अंधारात निवांत आकाशदर्शन’ होणार होतं, तिथे इंजिनं आणि दिवे बंदही केले नाहीत. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आम्ही त्याआधीच परत फिरलो. ढग फाटले असते तरी आम्हाला काय दिसलं असतं?

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे, ग्राहकाला कळायला हवी ती माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा सेवेतील त्रुटी आहे. वेळ बदलून मिळत असल्याचं आमच्यापासून लपवणं त्यातच बसतं. ‘शंभर टक्के दिसणार’ सांगून पैसे घेणं, हे कलम २(२८) मधल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडतं असं माझं म्हणणं आहे.

माझ्या मागण्या अशा. या कार्यक्रमाचे चौघांचे मिळून घेतलेले ६०० युरो परत करावेत. कापलेल्या ७०० युरोंचं दुरुस्तीचं बिल आणि फोटो पाठवावेत, ते नसतील तर तीही रक्कम परत करावी. प्रवास विम्यातून न मिळालेला वैद्यकीय आणि टॅक्सीचा खर्च भरून द्यावा. आणि वेळ बदलण्याचा प्रस्ताव का नाकारला, याचं उत्तर टूर मॅनेजरकडून नव्हे, तर कंपनीकडून लेखी मिळावं. रुग्णालयाचे कागद, ग्रुपवरच्या संदेशांचे फोटो, माहितीपत्रकाचं पान आणि कार्डाचं स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मी राहते त्याच जिल्ह्यात दाद मागायची सोय नव्या कायद्यात आहे. फोनवर समजूत घालू नये ही विनंती. मागच्या वेळी दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली गेली. मला सवलत नको आहे.

तुमची पुढची बॅच मार्चमध्ये निघते आहे आणि त्यातही ज्येष्ठ नागरिक आहेत, असं तुमच्या जाहिरातीत दिसलं. माझ्या पैशांचा निर्णय नंतर घेतलात तरी चालेल, पण ती बॅच निघण्यापूर्वी प्रत्येकाला माकडटोपी आणि काचेचं हेल्मेट मिळेल, स्लेजमधल्यांना थांबवायची खूण शिकवली जाईल, सूचना मराठीत दिल्या जातील आणि सोबतच्या माणसाला हिमदंशाचे प्रथमोपचार येत असतील, एवढं आधी करा आणि केल्याचं मला कळवा.

कळावे,

आपली,
एक ग्राहक, पुणे