बोंडअळीच्या पतंगाचे आकडे पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी दिवाळीच्या आसपास तुमच्या पेपरात कापसावरच्या बोंडअळीची बातमी येते, फोडलेलं बोंड, आत गुलाबी अळी, वर ‘शेतकरी हवालदिल’. बातमी खोटी नसते पण तोपर्यंत हातात काही उरलेलं नसतं हो. अळी गुलाबी दिसायला लागली म्हणजे तिचं खाऊन जवळपास झालेलं असतं. अंड्यातून निघते तेव्हा पांढुरकी, एवढीशी, आणि लगेच पात्यात (म्हणजे कळीत) नाहीतर कोवळ्या बोंडात घुसते, घुसल्याचं छिद्र पण बुजून जातं, मग वरून कितीही महागडं औषध मारा, ती आत बसून सरकी (कापसाचं बी) खाते. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात, सोडवून बघा, मधे बाईसाहेब.

म्हणून म्हणतो अळी व्हायच्या आधी, तिची अंडी घालणाऱ्या पतंगाची बातमी द्या. जेमतेम नखाएवढा, राखाडी-तपकिरी, दिवसा मातीच्या भेगेत नाहीतर पाल्यात लपतो आणि रात्री उडतो, त्यामुळे कुणाला दिसतच नाही. दिसतो तो कामगंध सापळ्यात, तिथल्या ल्यूरला (आमिषाच्या गोळीला) मादीचा वास असतो म्हणून नर येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, हे कृषीवाले सांगतातच, पण एकाच्या वावरातला आकडा शेजारच्याला कळत नाही आणि सापळे तरी कितीजण लावतात.

2002 ला बीटी, म्हणजे अळीला मारणारं द्रव्य झाडातच तयार होणारं कापसाचं बियाणं, आलं तेव्हा वाटलं गेली ही पीडा. 2010 पर्यंत गुजरातमधे ती पहिल्या बीटीला दाद देईना, मग त्याच्या पुढच्या पिढीच्या बीजी-2 ला पण, आणि 2017 ला विदर्भ-मराठवाड्यात तिने कापसाचं काय केलं ते सगळ्यांना माहितीये. तिकडे अमेरिकेने 2018 मधे हीच अळी कापसातून संपली म्हणून जाहीर केलं, बीटी, कामगंध आणि वरून विमानातून वांझ केलेले पतंग सोडून. आपल्याकडे विमान राहू द्या, निदान फरदड (हंगाम संपल्यावरही कापूस शेतात ठेवणं) तरी बंद करा, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली म्हणजे हिची मेस चालूच.

तर विनंती एवढीच, क्रॉपसॅपमधे, म्हणजे कृषी खात्याच्या कीड-पाहणी प्रकल्पात, निरीक्षणं घेतलीच जातात, जुलैपासून पावसाच्या आकड्यांशेजारी तालुकावार पतंगांचे आकडे रोज छापा. जागा नसेल तर सोन्याचा भाव एक दिवसाआड छापला तरी चालेल.

– एक कापूस उत्पादक वाचक, जि. यवतमाळ