टीव्हीखालचा कॉम्प्युटर आणि नवीन डबा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "राहू दे, बघतो मी" म्हणाले असते आणि विषय आंब्याच्या पेटीवर गेला असता, म्हणून लिहिते. टीव्हीखालच्या कॉम्प्युटरच्या जागी लावायला एक छोटा डबा मागवलाय. पैसे भरून झालेत. बाबा, आधी सगळं वाचा, मग चिडा.

तुमच्या जुळणीत काही खोट नाही. राजारामपुरीतनं एकेक पार्ट आणून 2014 ला उभं केलेलं मशीन अजून नाटकं नि कुस्त्या मख्खन दाखवतंय की. अडतात ते दादाच्या फोनमधनं आलेले व्हिडिओ. चित्र थिजतं, आवाज पुढं जातो, मग चित्र धावत सुटतं. आई म्हणते नेट गेलं, पण फाईल घरातल्या डिस्कवर आहे, नेटचा काय संबंध नाही गं. मागं आले होते तेव्हा व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर ओ दाबून बघितलं. कोडी, म्हणजे आपला व्हिडिओ लावायचा प्रोग्राम (बाबांच्या तोंडात अजून एक्सबीएमसीच, नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी), तिथं डीकोडर कुठला, म्हणजे व्हिडिओ कोण उलगडतंय, ते दाखवतं. नाटकाला हार्डवेअर, म्हणजे चिपमधली खास सोय, दादानं पाठवलेल्या चिनूच्या बारशाला सॉफ्टवेअर. फोन आता एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून छोटा करायची नवी पद्धत) रेकॉर्ड करतात आणि ते पूर्ण हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या सहाव्या पिढीपासनं आली, म्हणजे 2015 ला, आपला आय-थ्री चौथ्या पिढीचा. मग सगळा भार प्रोसेसरवर, तो शंभर टक्क्यांवर जाऊन दमतो. चिपमध्येच जे नाही ते रॅम वाढवून किंवा परत विंडोज टाकून येणार नाही बाबा, म्हणून म्हणते त्यात रात्री घालवू नका. दादाला कॅमेऱ्याचं फॉरमॅट मोस्ट कम्पॅटिबल (जुन्या मशीनवरही चालेल असं) करायला सांगितलंय, पण तो विसरणार, आणि आधीचे ढीगभर व्हिडिओ आहेतच.

तासाभरानं नाटकंही अडखळतात ते मात्र गरमीनं. शोकेसचा बंद कप्पा, फॅनवर धुळीचा थर, प्रोसेसर तापला की आपणहून हळू होतो. ते साफ करून भागेल, मान्य. पण ते करणार कोण? दम्याचा पंप खिशात ठेवून फॅनमधली धूळ तोंडानं फुंकणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात तुम्हीच असाल.

आणि ती टक टक करणारी डिस्क. आज्जीचा ओव्यांचा व्हिडिओ आठवा, ती मधेच थांबून कॅमेऱ्याकडं बघते नि विचारते, "हे चालू हाय व्हय?" तिथंच अडायचा ना, दरवेळी त्याच जागी, चित्र आवाज दोन्ही? म्हणजे डिस्कवरची ती जागा खराब होत आली होती. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रामनं पिवळा इशारा दिला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. काळजी करू नका, कॉपी माझ्याकडं आलीय, वेळ लागला पण अख्खी आली, आज्जीचा पदर सारखा करण्यापर्यंत सगळं आहे. पण त्या डिस्कवर आता डीफ्रॅग, चेकडिस्क काही चालवायचं नाही. काढून कपाटात ठेवा. मी आले की बाकीचं उतरवून घेते.

डबा म्हणजे रास्पबेरी पाय 4 नावाचा कॉम्प्युटरच, तळहाताएवढा. एचईव्हीसी हार्डवेअरवरच उलगडतो, धातूची पेटी आहे, फॅनच नाही. आत कोडीच असणार, तीच मांडणी, आणि आई, तुला टीव्हीचाच रिमोट चालेल, उशीखाली दुसरा शोधत बसायला नको. मोठा कॉम्प्युटर भंगारात जाणार नाही हां बाबा, आतल्या खोलीत तुमच्या टेबलावर जाईल. त्यावर लिनक्स टाका, विंडोज 10 चे अपडेट बंदच झालेत. व्हीसीआरचं हेड तुम्ही स्पिरिटनं पुसायचा तेव्हा टॉर्च मी धरायची, हात हलला की "सरळ धर गं बाळा" म्हणायचा. अजून धरायला येईन, खरंच. फक्त वाकायचं काम तुम्ही करू नका.

कॅबिनेट शेजारचा पोरगा उचलेल. डब्याला त्याचाच चार्जर लावायचा, मोबाईलचा लावला आणि करंट कमी पडला तर कोपऱ्यात पिवळी वीज दिसेल. टीव्हीची केबल चार्जरच्या जवळच्या भोकात घाला. मेनूतनं बंद केल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आतलं मेमरी कार्ड खराब होतं. आई, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू नको, तापेल. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावा, परवा तुम्ही दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिलीत.

डबा शुक्रवारी येईल. ओटीपी आईच्या फोनवर जाईल, बाबांचा नंबर मुद्दामच दिला नाही, त्यांनी दारातनंच परत पाठवला असता.

तुमची,
चिंगी