कोनोकार्पसची ऑर्डर जरा थांबवा

मा. अध्यक्ष साहेब,

(साहेब फक्त वर लिहिलंय, खाली नेहमीसारखं काकाच म्हणते.)

काका, काल ग्रुपवर नर्सरीचं कोटेशन बघितलं, मागच्या कंपाऊंडला आडोसा म्हणून 40 कोनोकार्पसची झाडं, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. मी पण टाकणारच होते, पण मग माझं ड्रेनेजचं चेंबर आठवलं.

तळमजल्याला माझ्या खिडकीपुढे जो पट्टा आहे ना, तिथे तीन वर्षांपूर्वी मीच हौसेने दोन कोनोकार्पस लावले. नर्सरीवाला म्हणाला ताई, दीड वर्षात भिंत उभी राहते बघा. राहिली, त्यात खोटं काही नाही. पण गेल्या दिवाळीच्या आधी बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं, प्लंबरने चेंबरचं झाकण काढलं, आत हात घातला आणि ओढत बसला तर ते संपेचना, वेणी सोडल्यासारखा मुळांचा हा एवढा झुपका, चिखलाने माखलेला, पाइपाच्या जॉइंटमधून आत घुसलेला. अडीच हजार गेले, वास आठवडाभर. हे दोन झाडांचं झालं, आणि बी विंगची अख्खी ड्रेनेज लाइन त्या मागच्या भिंतीलगतच जाते हो.

हे झाड आपल्याकडचं नाहीच. एक जात अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची, दुसरी सोमालिया-येमेनकडची, तिकडच्या रेताड जमिनीत पाणी शोधत जायची त्याच्या मुळांना सवय, मग इथे ड्रेनेज सापडल्यावर ती कशाला सोडतील. गुजरातच्या वनविभागाने 2023 मध्ये याच्या लागवडीवर बंदीच घातली, मुळांमुळे आणि हिवाळ्यात उडणाऱ्या परागांमुळे पण, सर्दी-दम्याचा त्रास वाढतो म्हणून. आपल्याकडे पंप घेऊन फिरणारे आजी-आजोबा किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

आता देशी म्हटलं की कुणीतरी उठून वड-पिंपळ म्हणणार. आपण पंचवटीच्या गावचे, पाच वडांवरून नाव पडलेलं, ते सगळं ठीक आहे, पण पार्किंगच्या कडेला पिंपळ लावला तर चेंबरचं तेच रडगाणं परत. देशी आहे म्हणून कुठेही खपत नाही. आणि उलटं पण आहे, गेटजवळचा गुलमोहर मादागास्करचा, पण तो इतकी वर्षं गुपचूप उभा आहे, त्याला कुणी हात लावू नका, माझी मुलं त्याच्या सावलीत मोठी झालीत.

माझं म्हणणं एवढंच की आडोसाच हवाय तर भिंतीला अडुळसा लावू, छाटला की दाट होतो, शेळी पण तोंड लावत नाही आणि खोकल्याला पानं मिळतात. मधेमधे कढीपत्ता आणि पारिजातक. लाइनीपासून लांब, खेळायच्या जागेच्या कोपऱ्यात एक करंज, सावलीला त्याच्यासारखं झाड नाही. गेटच्या आत दोन बहावे आणि एक ताम्हण, आपल्या राज्याचं फूल आहे ते. बहाव्याला फुलायला काही वर्षं जातील, पण एकदा एप्रिल-मेमध्ये पिवळे झुंबर लटकायला लागले की कॉलेज रोडवरून माणसं फोटो काढायला येतील बघा. फक्त त्याच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या की लगेच फवारणीवाल्याला बोलवू नका, त्यांचीच फुलपाखरं होतात. कांचन मुद्दाम लिहिला नाही, पानं आपट्यासारखीच दिसतात, दसऱ्याला आपटा म्हणून ओरबाडून नेतील.

अजून एक, माझी ती दोन झाडं काढायची आहेत. परदेशी असली तरी 1975 च्या झाडांच्या कायद्यात परवानगी लागते, त्यामुळे मनपाच्या उद्यान विभागाला अर्ज करतेय, त्यासोबत सोसायटीचं पत्र लागेल असं वाटतं, तर तेवढी सही करून ठेवा. 40 लावल्यावर असे 40 अर्ज कोण करत बसणार?

तो मुळांचा झुपका मी फेकला नाही, गच्चीवर वाळवून ठेवलाय. रविवारच्या मीटिंगला पिशवीत घालून आणते, नर्सरीवाल्याला ॲडव्हान्स त्यानंतरच द्या.

तुमची,
बी विंग, तळमजला