एनोमोतो केवळ ‘पराभूत बंडखोर’ नव्हते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी आरमारावरचा लेख वाचला. लेखाचा भर १९०५ च्या, जपानने रशियन आरमाराला हरवलेल्या त्सुशिमाच्या लढाईवर आणि अ‍ॅडमिरल तोगो यांच्यावर असणे स्वाभाविक आहे. मात्र आधीच्या पिढीतील आरमारी अधिकारी एनोमोतो ताकेआकी यांची ‘पराभूत बंडखोर’ एवढ्यावर केलेली बोळवण खटकली.

कल्याण-भिवंडीला शिवरायांनी जहाजे बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर हाताशी धरले होते, हे आम्हा ठाणेकरांना ठाऊक आहे. सम्राटाच्या नावाने जपानचा कारभार हाकणाऱ्या शोगुन या लष्करी सत्ताधीशाच्या सरकारनेही परक्यांकडून शिकण्याचे तेच धोरण ठेवले. नागासाकीला डच शिक्षकांकडे शिकलेल्या एनोमोतोंना १८६२ मध्ये हॉलंडला धाडले गेले आणि तिकडेच बांधलेली ‘काइयो मारू’ ही युद्धनौका घेऊन ते १८६७ मध्ये परतले, तोवर शोगुनशाहीचे दिवस भरत आले होते. पुढच्याच वर्षी सत्ता सम्राटाच्या पक्षाकडे गेली, तेव्हा आरमार हवाली करण्याऐवजी आठ जहाजे घेऊन ते उत्तरेस होक्काइदो बेटावर गेले आणि तिथल्या हाकोदाते बंदरात स्थापन केलेल्या राजवटीचे अधिकाऱ्यांच्या मतदानाने प्रमुख निवडले गेले. (सामान्य रयतेला मत नव्हते, त्यामुळे त्या राजवटीला प्रजासत्ताक म्हणताना जरा जपूनच म्हणावे.) त्याच हिवाळ्याच्या तोंडावर काइयो मारू त्याच बेटावरील एसाशीजवळ वादळात गमावली आणि त्यांची खरी ताकदच संपली.

१८६९ मध्ये पराभव समोर दिसत असताना एनोमोतोंनी सागरी कायद्यावरील ग्रंथाची आपली डच प्रत शत्रूच्या छावणीत पाठवून दिली. आपल्यासोबत ती जळून जाऊ नये, देशाच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू. विजयी सेनानी कुरोदा कियोताका यांनी उलट साके (तांदळाची दारू) पाठवली आणि शरणागतीनंतर या कैद्याचे प्राण वाचावेत म्हणून स्वतःचे मुंडण करून रदबदली केली. १८७२ मध्ये सुटका झाली आणि अवघ्या दोन वर्षांत, ज्या सरकारविरुद्ध ते लढले होते त्याच सरकारने त्यांना व्हाइस अ‍ॅडमिरल करून रशियाला राजदूत म्हणून पाठवले. सखालीन बेटावरील हक्क सोडून कुरील बेटे मिळवणारा १८७५ चा करार त्यांनीच केला. पुढे १८८० मध्ये ते नौदलमंत्री झाले, १८८५ च्या पहिल्या मंत्रिमंडळात दळणवळण खाते त्यांच्याकडे आले आणि नंतर परराष्ट्र खातेही त्यांनी सांभाळले.

हे सारे त्यांच्या समकालीनांना रुचले होते असे मात्र नाही. त्यांच्या सुटकेसाठी स्वतः खटपट केलेल्या विचारवंत फुकुझावा युकिची यांनीच, जुन्या धन्याचे, म्हणजे शोगुनचे, सेवक असून नव्या सरकारात मानाची पदे घेतली म्हणून, पुढे त्यांना कठोर बोल लावले. लेखकाला एनोमोतोंना दोष द्यायचाच असेल तर तो बंडाबद्दल नव्हे, त्या पदांबद्दल द्यावा. निदान त्याला फुकुझावांचा आधार तरी आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)